आर.ई.एम. चे पाच अल्बम सांगा, अन् ड्रमर गेल्यावरचे ऐकाचे का नाई?

जागलीवाला

नमस्कार मंडळी. मी वणीकडला, यवतमाळ जिल्हा. सध्या हरभऱ्यात जागल चालू हाये, रात्री जेवून जातो ते उजाडेपर्यंत मचाणावरच, मागच्या साली रानडुकराईनं अर्धा वावर उकरला म्हणून यंदा बापानं मलेच बसवलं. वावरात रेंज नाई, मंग घरूनच गाणे डाउनलोड करून नेतो अन् एका कानात इअरफोन टाकतो, दुसरा कान डुकराईसाठी मोकळा.

मावसभाऊ पुण्याले शिकते, त्यानं आर.ई.एम. या अमेरिकेतल्या रॉक बँडचं 'लूझिंग माय रिलिजन' पाठवलं. मले वाटलं धर्मबिर्माचं गाणं अशीन. त्यातलं ते टुणटुण वाजते ते मी बेंजो समजलो, आपल्या धुमालीत वाजते तसा, मंग तो म्हणे अबे मँडोलिन हाये ते. एका रात्री अकरा खेप ऐकलं, खोटं नाई सांगत.

आता पाहतो तं या लोकाइचे १५ अल्बम! मोबाईलमध्ये जागा पाचाचीच हाये (बाकी जागा बहिणीच्या लग्नाच्या फोटोनं खाल्ली). पहिला 'मर्मर', १९८३ चा, तो लावला तं गायक काय म्हणते एक शब्द समजला नाई. माही इंग्रजी कच्ची हाये मान्य, पण बाकी गाण्यातलं थोडं थोडं समजते ना. माहा इअरफोन खराब हाये का रेकॉर्डिंगच तसं हाये? अन् दुसरं, ड्रमर १९९७ ले सोडून गेला म्हणतात अन् त्याच्यानंतर बँडमध्ये जीव रायला नाई म्हणतात, तं ते मागचे अल्बम घेऊ का सोडू? आमच्या गावची धुमाल पार्टी तं ढोलवाला पैशावरून रुसून गेला अन् आठ दिवसात बसली, म्हणून विचारून रायलो.

कॅसेटच्या जमान्यातला

हरभऱ्यात आर.ई.एम.! मजा आली वाचून. मी वर्ध्याजवळचा, नव्वदच्या दशकात नागपूरला हॉस्टेलमध्ये होतो तेव्हा रूममेटकडे 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'ची कॅसेट होती, ती आम्ही इतकी घासली की दुसऱ्या बाजूचा आवाज लहरायला लागला, टेप बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची अन् पुन्हा तेच.

आधी तुझ्या गाण्याचं. धर्माशी काही घेणंदेणं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे तसं बोलतात, माणसाचा धीर सुटला, पारा चढला की. आपण म्हणतो ना डोस्कं सटकलं, तसंच. गिटारवाला पीटर बक तेव्हा नुकतं मँडोलिन शिकत होता, टीव्ही पाहत पाहत वाजवत बसला होता अन् त्यातून ती चाल निघाली. व्हिडिओ पाहिला नसशील तर गावात रेंज असताना बघून घे, मधेच देवाच्या कॅलेंडरसारखी चित्रं येतात, कारण दिग्दर्शक तरसेम सिंग, आपल्या जालंधरचा. १९९१ ला एमटीव्हीचं वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचं बक्षीस याच व्हिडिओला मिळालं.

ही चौघं जण, गायक मायकल स्टाइप, पीटर बक, माइक मिल्स अन् ड्रमर बिल बेरी, अथेन्स नावाच्या कॉलेजच्या गावात जमली, राज्य जॉर्जिया, म्हणजे तोही कापसाचाच मुलूख. ५ एप्रिल १९८० ला पहिल्यांदा वाजवलं ते एका पडीक चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. १९८१ चं पहिलं सिंगल (सुटं काढलेलं गाणं) मिच ईस्टरच्या 'ड्राइव्ह-इन' स्टुडिओत झालं, अन् स्टुडिओ म्हणजे काय तर त्याच्या आईबापाच्या घराचं गॅरेज. 'मर्मर'च्या कव्हरवर जो झाडोरा दिसतो ना, तो कुडझू वेल. जपानकडून आलेला, मातीची धूप थांबावी म्हणून तिकडच्या सरकारनेच लावायला सांगितला अन् मग त्याने घरं, खांब, झाडं सगळं गिळलं. आपल्याकडच्या बेशरमासारखं प्रकरण आहे ते.

पाच अल्बम माझे: 'मर्मर', 'लाइफ्स रिच पेजंट' (१९८६), 'डॉक्युमेंट' (१९८७), 'ऑटोमॅटिक' (१९९२) अन् 'न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय' (१९९६). बस, इथे थांबायचं. पुढचे ऐकून मला तरी काही मिळालं नाही.

साउंडवाला पोट्टा

दादाने यादी मस्त दिली पण भाऊचा पहिला प्रश्न राहूनच गेला ना. मी लग्नाचे व्हिडिओ अन् गावोगावचे खंजेरी भजनाचे रेकॉर्डिंग करतो, म्हणून मला यातलं थोडं समजते.

भाऊ तुझा इअरफोन खराब नाही, तू एकाच कानात लावून राहिला हीच गडबड आहे. स्टिरिओमध्ये एक गिटार डाव्या बाजूला ठेवतात, दुसरी उजव्या, मागून गाणाऱ्याचा आवाज कुठेतरी तिसरीकडे. तू अर्धं जेवण ताटात वाढून घेतलं अन् म्हणते मीठ कमी आहे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथे 'मोनो ऑडिओ' आहे, ते चालू कर, मग दोन्हीकडचं एकाच कानात येते.

पण तरीही स्टाइप पुटपुटेलच, कारण तो पुटपुटतोच! ते मुद्दाम आहे. 'मर्मर' शार्लट शहरातल्या रिफ्लेक्शन स्टुडिओत मिच ईस्टर अन् डॉन डिक्सन या दोघांनी केला, अन् स्टाइपला लोकांसमोर गायला लाज वाटे म्हणून तो जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा राहून गायला. आवाज गिटारच्या वर नाही आणला, गिटारच्या मधेच पेरला. त्याच्याआधी कंपनीने दुसऱ्या एका प्रोड्युसरकडे ट्रायल घ्यायला लावलं होतं, त्याने ड्रमरला क्लिकच्या, म्हणजे यंत्राच्या टकटकीच्या, ठोक्यावर पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं अन् वरून कीबोर्ड चढवले, यांना ते बिलकुल जमलं नाही, म्हणून हट्टाने परत ईस्टरकडे आले. बरं झालं. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकांनी त्या वर्षीचा बेस्ट अल्बम म्हणून मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला बाजूला सारून 'मर्मर' निवडला होता.

एक गंमत सांगतो. त्यात 'वी वॉक' म्हणून गाणं आहे, मागे ढग गडगडल्यासारखा आवाज येते. तो ढग नाही, बिल बेरी बिलियर्ड खेळत होता ते गोट्यांचं टकटक रेकॉर्ड करून टेप हळू चालवली आहे. हे वाचलं तेव्हापासून मी भजनाच्या रेकॉर्डिंगला गेलो की पत्र्याचं छप्पर, मंदिराची घंटा सगळं वेगळं रेकॉर्ड करून ठेवतो, कशाला काय कामाला येईल सांगता येत नाही. मागच्या महिन्यात पाऊस नसताना मंडळाच्या बुवांना पत्र्यावर ज्वारीचे दाणे टाकायला लावले, बुवा माझ्याकडे असे पाहत होते जसं काही मला लागलंच आहे.

१९८६ ला डॉन गेहमन नावाच्या प्रोड्युसरने स्टाइपला सरळ सांगितलं का बावा शब्द नीट उच्चार. म्हणून 'लाइफ्स रिच पेजंट'पासून शब्द समजतात. तुला शब्दच पाहिजे असतील तर तिथून सुरू कर, पण मी म्हणतो मर्मरच आधी, शब्द नको शोधू.

कुटारवाला

राजेहो तुमी सगळे त्या बिल बेरीले इसरून गेले, अन् पोट्ट्यानं तं त्याचंच इचारलं होतं.

मी अकोट तालुक्यातला, पराटी अन् तूर. गाणे-गिणे मले कमी समजते पण हा माणूस मले समजते. १ मार्च १९९५ ले स्वित्झर्लंडात, लोझान गावात, शो चालू असताना त्याच्या डोक्यातली नस फुगून फुटली. ऑपरेशन झालं, अन् गडी दोन-अडीच महिन्यात परत वाजवाले बसला. त्याच दौऱ्यात मिल्सचं पोटाचं ऑपरेशन झालं अन् स्टाइपचं हर्नियाचं. असा सारा दवाखाना संगं घेऊन फिरत होते अन् फिरता फिरता साउंडचेकमध्ये, स्टेजवर जे वाजवलं ते टेप करून 'न्यू ॲडव्हेंचर्स' उभा केला. १९९६ ले कंपनीनं नवा करार केला, तवाच्या पेपरात आकडा ८ कोटी डॉलरचा आला होता. आठ कोटी बाप्पा! अन् दुसऱ्या साली ऑक्टोबरात हा म्हणते मले नाई वाजवाचं आता. अन् गेला कुठं तं वावरात! जॉर्जियात जमीन घेतली अन् गवत पेराले लागला, गवताचे गठ्ठे बांधून इकाले लागला. म्हंजे कुटारवालाच झाला ना तो, माह्यासारखा!

इकडं आमचे पोट्टे वावर इकून पुण्याले कंपनीत जातात अन् तिकडं तो कंपनी सोडून वावरात आला. माह्या बायकोले सांगितलं तं ते म्हणे त्याले आठ कोटी होते म्हणून गवत परवडलं.

अन् धुमालीचं म्हणशीन तं फरक इथं हाये. या चौघाईनं पयल्या दिवसापासून गाण्यावर चौघाईचं नाव टाकलं, कोणी काय लिवलं ते बाहेर सांगतच नव्हते, पैसा सारखा. तो रुसून नाई गेला. त्यानं अट टाकली होती का माह्यामुळे बँड मोडत अशीन तं मी जात नाई. आता सांग, तुह्या ढोलवाल्यानं असं इचारलं होतं का?

जागलीवाला

नाई ना भौ, तो तं ढोलच घेऊन गेला. ढोल पार्टीचा होता.

कॅसेटच्या जमान्यातला

😂 कुटारवाले भाऊ, मानलं. एक भर घालतो. 'एव्हरीबडी हर्ट्स' हे गाणं जास्त करून बेरीचंच, अन् त्याच गाण्यात बराच वेळ ड्रम मशीन टकटक करतंय, ड्रमरने स्वतःच्या गाण्यात स्वतःला सुट्टी दिली. त्यातल्या व्हायोलिनचं काम लेड झेपलिन बँडच्या जॉन पॉल जोन्सने केलं. रात्री अडीचला मचाणावर लावू नको मात्र, उगाच गळा दाटून येईल.

साउंडवाला पोट्टा

दादा, '१९९६ ला थांब' हे मला पटलं नाही. 'अप' (१९९८) ऐकला का नीट? ड्रमर नाही म्हणून यांनी मशीन अन् कीबोर्डवर काम भागवलं, सुरुवातीला लंगडतात हे खरं, स्टाइपच म्हणाला होता की तीन पायांचं कुत्रं पण कुत्रंच असते, त्याला वेगळं पळायला शिकावं लागते. त्या लंगडण्यातच मजा आहे. त्यातलं 'डेस्लीपर' ऐका, मग बोलू. 'अराउंड द सन' (२००४) मात्र सोडा, खुद्द बकला तो आवडत नाही, सगळे थकल्यासारखे वाजवतात. मग २००८ चा 'ॲक्सिलरेट', पूर्ण ३५ मिनिटांचा पण नाही, धडधड संपतो. अन् २०११ ला शेवटचा अल्बम काढून सप्टेंबरमध्ये शांतपणे सांगितलं की झालं आमचं. भाऊ तू 'डॉक्युमेंट' काढ अन् 'अप' टाक.

कॅसेटच्या जमान्यातला

'डॉक्युमेंट' काढू नको रे बाबा. 'द वन आय लव्ह'ने ते पहिल्यांदा अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेले, लोक प्रेमाचं गाणं समजून एकमेकांना अर्पण करायचे अन् आहे ते चांगलंच जहरी. वाटल्यास बहिणीचे फोटो पेनड्राइव्हवर टाक अन् सहा अल्बम घे.

जागलीवाला

मंडळी, रिपोर्ट देतो. फोटो पेनड्राइव्हवर टाकले, सहाही अल्बम घेतले. ते मोनो ऑडिओ केलं अन् काय सांगू, 'मर्मर'मध्ये मागून दुसरा एक माणूस गाते हे मले माहीतच नव्हतं! तो मिल्स अशीन. स्टाइप एक म्हणते अन् तो वरून वेगळंच काहीतरी म्हणते, दोघाइचं मिळून जे होते ते आमच्या काकड आरतीत म्हातारे एकमेकाइच्या पुढे-मागे म्हणतात तसं वाटलं. शब्द नाई समजले, पण आता नाई पायजेत.

'वी वॉक' येवाची वाट पाहत होतो, शेवटाकडे हाये ते. गोट्याइचा आवाज नीट ऐकाले म्हणून दुसरा इअरफोन बी टाकला, पाच मिनिटाचीच तं गोष्ट होती, अन् खरंच गडगडते ना बावा, मी दोनदा मागे घेतलं.

सकाळी पायलं तं बंधाऱ्याकडून चार ओळी हरभरा उकरेल. बाप इचारते झोपला होता का रे.