सभागृहातल्या खुर्च्या कमी केल्या की पालिकेचा खर्च कमी होतो?

धागालेखक

पालिकेची तिजोरी खडखडाट करू लागली की पहिली मागणी ठरलेली: नगरसेवक कमी करा. टाळ्याही मिळतात. पण आकडे मांडून पाहा. २०१८ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारनं, प्रचार ऐन रंगात असताना, टोरांटो शहराच्या सभागृहातल्या ४७ जागा ठरल्या होत्या त्या २५ वर आणल्या. चार वर्षांत अडीच कोटी डॉलर वाचतील, असा दावा होता. म्हणजे वर्षाला साठ-बासष्ट लाख. शहराचा तेव्हाचा वर्षाचा चालू खर्च ११ अब्जांच्या घरात! शंभर डॉलरमागे जेमतेम सहा सेंट. त्यात एकेका प्रतिनिधीकडे लाखावर माणसं आल्यावर त्यांच्या कार्यालयांसाठी कर्मचाऱ्यांची तरतूद वाढवावी लागली ती वेगळीच.

पालिकेचा पैसा जातो तो पगार, निवृत्तिवेतन, पाणी, कचरा आणि रस्त्यांच्या ठेक्यांवर. तिथे प्रश्न विचारणारी माणसं कमी करून बचत कशी होणार?

रोखठोक

मानधनाचा हिशोब करून तुम्ही मूळ मुद्द्याला बगल दिलीत. प्रश्न त्यांच्या पगाराचा नाहीच, ते काय मंजूर करतात याचा आहे. वाइनगास्ट, शेप्सली आणि जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८१ मध्ये हे मांडलं होतं. माझ्या प्रभागात उद्यान झालं तर श्रेय सगळं माझं, खर्च मात्र सगळ्या शहराच्या माथी. दहा प्रभाग असतील तर माझ्या मतदारांच्या वाट्याला दहावा हिस्सा, शंभर असतील तर शंभरावा. मग मागताना हात आखडता कोण घेईल? तू माझं मंजूर कर, मी तुझं करतो. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या नगरपालिकांवर एगर आणि कोएटेनब्युर्गर यांचा २०१० चा अभ्यास आहे: सभागृह मोठं तिथे खर्च जास्त.

पाणीपट्टी

रोखठोक, अर्धीच बाजू सांगितलीत. पेटरसन-लिडबोम यांचा २०१२ चा अभ्यास स्वीडन आणि फिनलंडचा. लोकसंख्येची ठरावीक पायरी ओलांडली की कायद्यानं जागा वाढतात, त्या पायरीच्या अलीकडची-पलीकडची गावं ताडून पाहायची, ही पद्धत बव्हेरियाच्या अभ्यासातलीच. निष्कर्ष मात्र उलटा: सदस्य जास्त तिथे खर्च कमी. कारण अंदाजपत्रक फुगवण्यात प्रशासनालाही रस असतो आणि त्याला आवर घालायला जास्त डोळे लागतात.

मला हे पटतं. ठेक्याचा प्रस्ताव कधी वाचलाय का? पहिल्या पानावरचा दर चोख असतो. खरी मेख मागे: भाववाढीचं कलम, जादा कामाची मंजुरी, मुदतवाढ. हाच रस्ता गेल्या वर्षी उकरला होता, हे त्या भागातल्या सदस्यालाच आठवतं. दोन-तीन लाख लोकांचा एकच प्रतिनिधी असेल, तर त्याच्यापर्यंत ती तक्रार पोचायलाच महिने जातात.

फेरमोजणी

डोळे जास्त म्हणजे नजर जास्त, हे मात्र पटत नाही. मुंबईत नगरसेवक २२७, पण मोठ्या ठेक्यांचे प्रस्ताव जातात २७ जणांच्या स्थायी समितीपुढे. बाकीचे दोनशे आपापल्या प्रभागाच्या निधीत गुंतलेले. छोट्या सभागृहात निदान कोणी काय मंजूर केलं हे मतदाराला नावानिशी कळतं. गर्दीत जबाबदारी कोणाचीच नसते.

आणि कृपया डेन्मार्क मध्ये आणू नका, दरवेळी आणलं जातं. तिथे २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या ९८ झाल्या. ते विलीनीकरण, नुसती सदस्यकपात नव्हे.

धागालेखक

फेरमोजणी, डेन्मार्क आणतोच, कारण धाग्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. विलीनीकरणानंतर तिथे माणशी प्रशासकीय खर्च उतरला. पण शाळा, वृद्धांची देखभाल अशा सेवांच्या एकूण खर्चात सरसकट बचत आढळली नाही. कार्यालयं आटोपशीर होतात, सेवा स्वस्त होत नाही.

स्थायी समितीबद्दलचा मुद्दा खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणजे ठेक्यांची कागदपत्रं सगळ्या सदस्यांना मतदानाआधी पुरेसा वेळ मिळणं. दोनशे जणांना घरी पाठवलं तरी ते २७ जण तसेच राहतील.

रोखठोक

कागद सगळ्यांना द्या, माझी ना नाही. पण प्रभागनिहाय निधी आधी बंद करा. तो चालू असेपर्यंत प्रत्येक वाढीव जागेसोबत एक नवी मागणी येणार, आणि तोवर मी कपातीच्याच बाजूनं आहे.