उबंटू स्टुडिओ २२.०४ वरून २४.०४: काम अर्ध्यावर असताना अपग्रेड करू का?

तंबोरा_मिरज
नमस्कार मंडळी. मिरजेत घरातल्याच एका खोलीत आमचा छोटा सेटअप आहे. तंबोरा, सतार, तबला असं रेकॉर्ड करतो. संगणकावर उबंटू स्टुडिओ २२.०४ ही लिनक्स सिस्टिम, रेकॉर्डिंगसाठी आर्डर ६.९ हे सॉफ्टवेअर आणि माइक जोडायला स्कारलेट २आय२ हे साउंडकार्ड. सगळं सुरळीत चाललंय, पण २२.०४ ला अपडेट मिळायची मुदत एप्रिल २०२५ मधेच संपली आणि अपडेटरची खिडकी सारखी डोकं वर काढते. एका बुवांच्या भजनांचं काम हातात आहे. पखवाज, टाळ झालेत, गाणं बाकी. दाबू का 'अपग्रेड'? सिस्टिमच्या प्रती ठेवणारं टाइमशिफ्ट लावलेलं आहे.

कानडा_४८
दाबू नका. बुवांचं काम हातावेगळं होईपर्यंत तर नाहीच.

टाइमशिफ्ट सिस्टिम मागे नेतं. तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय होम फोल्डर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइली, त्यात धरतच नाही, आणि तुमची सेशनं, म्हणजे आर्डरमधली कामं, बहुतेक तिथेच असणार. शिवाय टाइमशिफ्टची प्रत (स्नॅपशॉट) त्याच डिस्कवर असेल तर डिस्कबरोबर तोही गेला.

खरी गोम आर्डरची आहे. २४.०४ मधे ८.४ येतं. ते ६.९ चं सेशन उघडतं, जुन्या फाइलची प्रतही बाजूला ठेवतं. पण ८.४ मधे सेव्ह केलेलं पुन्हा ६.९ मधे नेता येत नाही. पूल एकतर्फी आहे, एवढं ध्यानात ठेवून पाय टाका.

मी चालत्या सिस्टिमला हातच लावत नाही. दुसरी छोटी एसएसडी घालायची, तिच्यावर २४.०४ कोरं टाकायचं. होम दोघांचं वेगळं, नाहीतर केडीई (डेस्कटॉप) आणि आर्डरच्या सेटिंगांचा खिचडा होतो. रेकॉर्डिंगचं पार्टिशन दोन्हीकडून दिसू द्या, पण नव्यात उघडायच्या आधी सेशनचा अख्खा फोल्डर कॉपी करा. आणि आजच ६.९ मधून सगळ्या ट्रॅकचे स्टेम, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल, काढून ठेवा, एकदा प्लगिनसकट (आवाजावर परिणाम करणारे जोड-प्रोग्राम), एकदा कोरे. वेव्ह फाइल वीस वर्षांनीही उघडेल; आपल्या प्लगिनांची खात्री कोण देणार?

पॅचबे_पुणे
एवढा खटाटोप कशाला? मी जागच्या जागी अपग्रेड केलं. बाहेरच्या पीपीए, म्हणजे उबंटूबाहेरची भांडारं, ते आपणहून बंद करतं. एलएसपी, कॅल्फ ही माझी प्लगिनं सगळं जसंच्या तसं वाजतंय.

कानडा_४८
सगळं उबंटूच्या भांडारातलंच असेल तर जमतं, मान्य. तंबोरावाले, विंडोजची व्हीएसटी प्लगिनं वापरता का?

तंबोरा_मिरज
हो दादा, विंडोजची प्लगिनं लिनक्सवर चालवणाऱ्या याब्रिजवर एक रिव्हर्ब (घुमारा देणारं प्लगिन) आहे, बुवांना तोच आवडतो. आणि नव्यात आवाज इकडून तिकडे नेणारा जॅक नसतो म्हणे?

कानडा_४८
मग वाइनकडे आधी बघा, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं ते, याब्रिज त्याच्यावरच चालतं. याब्रिज ५.१.१ आणि वाइन ९.२२ किंवा पुढचं असेल तर प्लगिनची खिडकी उघडते, पण माउस एकीकडे आणि क्लिक भलतीकडेच. २४.०४ च्या भांडारात वाइन ९.० आहे, तेच राहू द्या. वाइनवाल्यांचं स्वतःचं भांडार, वाइनएचक्यू, जोडलंच तर ९.२१ घेऊन ते पॅकेज होल्डवर टाका, नाहीतर पुढच्या अपडेटला गुपचूप बदलेल.

जॅकच्या जागी पाइपवायर असतं. आर्डरला ते जॅकच वाटतं. टर्मिनलमधे पीडब्ल्यू-टॉप लावा आणि क्वांटचा, म्हणजे बफर किती मोठा आहे त्याचा, रकाना बघा. ४८ किलोहर्ट्झला १२८ म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. तिथे १०२४ दिसलं तर एका बफरलाच २१ होतात, स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, आणि बुवा हेडफोन काढून ठेवतील. ईआरआरचा (चुकांचा) आकडा वाढायला लागला की टिचक्या आल्याच. पखवाजात त्या खपून जातात. नुसता तंबोरा चालू असताना एक टिचकीही लपत नाही, त्यामुळे चाचणी तंबोऱ्यावरच घ्या, चांगली अर्धा तास.

एवढं करूनही जमलं नाही तर आर्डरला थेट अल्सा (लिनक्सची कार्डाशी बोलणारी मूळ ध्वनियंत्रणा) द्या. तेवढा वेळ ब्राउझरला त्या कार्डावर आवाज मिळणार नाही. रेकॉर्डिंग चालू असताना कुणाला यूट्यूब हवंय म्हणा!

तंबोरा_मिरज
पटलं. एसएसडी मागवतो. भजनं जुन्यावरच पुरी करतो. डेस्कटॉप आहे, जागा आहे.

कानडा_४८
डेस्कटॉप आहे तर इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची साटा केबल काढूनच ठेवा, म्हणजे बूटलोडर चुकून तिच्यावर जायचा प्रश्नच नाही. केबल परत लावल्यावर कोणती डिस्क आधी ते बायोसमधून निवडा. स्टेम मात्र त्याआधी काढा.