राउंड कोणाचा? साहेबाच्या देशात 'बसण्याचे' अनुभव

सातारकर
गणपतीच्या मखरासाठी काल माळ्यावरची जुनी बॅग काढली, तर तळाशी बिअरखाली ठेवायचा पुठ्ठ्याचा कोस्टर निघाला. आणि मी एकदम 2006 सालच्या रेडिंगमध्ये.

ऑफिसातला पहिला शुक्रवार. आम्ही सहा जण. एकाने विचारलं, काय घेणार? मला वाटलं, वाढदिवस असेल. मग दुसऱ्याने विचारलं. मग तिसऱ्याने. माणसं काय दिलदार आहेत म्हणत मी तीन पाइंट रिचवले, सगळ्यांचे आभार मानले आणि गाडी पकडायला निघालो. सोमवारी एकाने अगदी गोड आवाजात विचारलं, "ट्रेन मिळाली ना शुक्रवारी?" राउंड, म्हणजे प्रत्येकाने आपली पाळी आली की सगळ्यांसाठी घ्यायची, ही भानगड असते हे पुढे दोन आठवड्यांनी एका गुजराती सहकाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं. आपण टीटीएमएमवर वाढलेले, कुठून कळणार! पुढच्या शुक्रवारी आत शिरतानाच ओरडलो, पहिला राउंड माझा. पाउंडाला ऐंशीने गुणत उभा होतो काउंटरला, घाम फुटला.

तुमचेही फजितीचे किस्से येऊ द्या.

खवचट खान
तीन फुकट आणि पसार! पुण्याचे का?

सातारकर
आयडी वाचा की राव. पुण्याला उगाच बदनाम करू नका.

लीड्सची सून
मी पीत नाही, त्यामुळे माझं उलटं. माझा सोडा-लाइम काही पेन्समध्ये यायचा आणि माझी पाळी आली की पाच पाइंट. सहा महिने बोलले नाही, म्हटलं हे लोक म्हणतील इंडियन चिक्कू. मग एकीनेच सांगितलं, अगं तू राउंडमधून बाहेर राहा, कोणाला काही वाटत नाही. सहा महिने!! कुकर लागलाय, बाकी नंतर लिहिते.

जुनी कागदपत्रे
गंमत म्हणजे एके काळी टीटीएमएम हा तिथे कायदाच होता. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार पिऊन पडतात म्हणून 1915 मध्ये लंडनमध्ये दुसऱ्याला पाजण्यावरच बंदी आली. ज्याने त्याने आपलीच विकत घ्यायची. सातारकर, तुमचा जन्म नव्वद वर्षं चुकला.

सातारकर
हाहाहा, बायकोला वाचून दाखवलं.

एकच प्याला नको
बाबांना एडिंबराला घेऊन गेलो होतो. मोठ्या कौतुकाने सिंगल माल्ट मागवली. तिकडचा सिंगल 25 मिली, कुठे कुठे 35. आपला स्मॉल 30 आणि बाबांचा "स्मॉल" म्हणजे 60. ग्लास उजेडात धरून म्हणाले, "हे तीर्थ आहे का? डोक्यावरून हात फिरवायचाय का?" वर त्यात सोडा मागितला. बारवाल्याने दिला बिचाऱ्याने, पण चेहरा असा की घरात कोणी गेलंय.

खवचट खान
दंडवत बाबांना _/\_

भुकेली
पण चकणा?? त्यावर कोणीच बोलत नाही. पाइंट म्हणजे 568 मिली, आपल्या बाटलीपेक्षा थोडीच कमी, आणि सोबत काय? वेफर्सचं एक पाकीट. ते उभं फाडून टेबलावर चांदीच्या ताटासारखं पसरायचं आणि पाच जणांनी एकेक उचलायचं. मसाला पापड नाही, उकडलेले शेंगदाणे नाहीत, चणा डाळ नाही. मी पर्समध्ये लसणाची शेव न्यायचे. तिसऱ्या आठवड्यापासून साहेब आधी शेव आलीय का विचारायचा.

कोथरूडची काकू
सातारकर, मखर थर्माकोलचं नाही ना करत? पुठ्ठ्याचं करा.

सातारकर
पुठ्ठ्याचंच आहे काकू.

रांगेतला
बारपाशी रांग दिसत नाही, पण असते. प्रत्येकाच्या डोक्यात. मी दादर स्टेशनच्या सवयीने कोपर घालून पुढे गेलो आणि दहाची नोट हलवली. बारवाली माझ्याकडे बघेचना. शेजारचा आजोबा म्हणाला, "सॉरी, आय थिंक ही वॉज बिफोर यू." सॉरी तो म्हणतोय, चूक माझी. आणि टिप ठेवायची नसते, "अँड वन फॉर युअरसेल्फ" म्हणायचं. ती त्या एका ग्लासाचे पैसे लावून घेते, पिते की नाही देव जाणे.

वाढपी
माझं जरा उच्चभ्रू आहे, माफी असावी. कॉलेजात एकदा औपचारिक जेवण होतं. जेवणानंतर पोर्ट वाइनचा डिकँटर फिरतो, नेहमी डावीकडे आणि कुठे थांबवायचा नाही. मला काय माहीत! मी ओतून घेतली आणि ठेवला समोर, पंगतीत तुपाचं भांडं ठेवावं तसा. थोड्या वेळाने शेजारचे प्राध्यापक म्हणाले, "नॉर्विचच्या बिशपना ओळखता का?" मी म्हटलं नाही हो, कोण ते? परत विचारलं. मला वाटलं, म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. मोठ्याने सांगितलं, "नाही, मी कोल्हापूरचा!" सगळं टेबल गप्प. "बाटली पुढे सरकवा" हे तोंडावर सांगणं असभ्य, म्हणून तो बिशप.

लीड्सची सून
मी कोल्हापूरचा!!! 😂😂 भाजी करपली माझी.

नियमाने पिणारा
आपल्याकडचंही कमी नाही. ऑफिसात आलेल्या गोऱ्याला माझा सेवन परवाना दाखवला. 1949 च्या दारूबंदी कायद्याची कृपा, परवाना कशासाठी तर प्रकृती सांभाळण्यासाठी. त्याला एवढा आवडला की फ्रेम करून घरी लावायला मागत होता.

कोथरूडची काकू
आमच्या ह्यांची प्रकृती फार सांभाळली जाते. @भुकेली, उकडलेल्या शेंगदाण्यांत मीठ आधी की नंतर?

भुकेली
आधी, उकळतानाच. चिमूटभर हळद पण. बाकी कृती रात्री टाकते.

एकच प्याला नको
रात्र झाली.

खवचट खान
भुकेलीताई, नॉर्विचच्या बिशपना ओळखता का?