कानबुले नेमकं काय आहे? (त्रिनिदादचा कार्निव्हल)

माहेर_सातारा:
नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आठ महिन्यांपासून पोर्ट ऑफ स्पेनला राहतोय. शेजारच्या आजी म्हणतात, पिसांचे पोशाख मंगळवारी बघ, पण आधी शुक्रवारी पहाटे चारला पिकॅडिली स्ट्रीटवर कानबुले बघायला चल. सोमवारी पहाटे तर लोक अंगाला चिखल आणि मळी फासून निघतात म्हणे. हे आपल्या धुळवडीसारखंच का? कार्निव्हल फ्रेंचांनी आणला, एवढंच मला ठाऊक आहे.

बंदरावरचा:
ताई, आजींबरोबर नक्की जा. मी इथे अकरा वर्षं आहे, एकदाही चुकवलेलं नाही.

फ्रेंचांनी आणला हे अर्धंच खरं. १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने कॅथलिक मळेवाल्यांना इथे जमिनी देऊ केल्या, तेव्हा फ्रेंच मळेवाले गुलामांना घेऊन आले. उपवासाच्या चाळीस दिवसांआधी त्यांच्या वाड्यांवर मुखवट्यांचे नाच चालत, आणि त्यात गोरे मालक शेतावरच्या गुलामांची सोंगं घेत. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

'कान ब्रूले' म्हणजे जळालेला ऊस. तुम्ही साताऱ्याच्या, जळालेला ऊस लगेच गाळावा लागतो हे तुम्हाला सांगायला नको. फडाला आग लागली की शंख फुंकून, चाबूक ओढत गुलामांना अंधारात हाकलत नेत. पुढे बेट इंग्रजांकडे गेलं. १ ऑगस्ट १८३४ ला त्यांच्या कायद्याने गुलामी संपली, पण 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकांकडे राबणं सुटलं नाही. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ची. त्यानंतर लोकांनी तीच आगीची रात्र स्वतःची मिरवणूक केली. मशाली तशाच, ढोल तसेच, फक्त मागे चाबूक नाही. पुढे ती कार्निव्हलला जोडली गेली.

मळीचंही तसंच. सोमवारच्या पहाटेला 'जुवे' म्हणतात, त्यात 'जॅब मोलासी', म्हणजे मळीचा सैतान, निघतो. ज्या मळीसाठी घाम गाळला तीच अंगभर माखून तो रस्त्यात उभा राहतो आणि स्वच्छ कपडेवाल्यांकडे पैसे मागतो. धुळवडीत आपण एकमेकांना रंगवतो. इथे त्या काळ्या रंगाला जुना हिशेब आहे.

१८८० मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकरने मशाली, काठ्या आणि ढोल काढून घेतले. १८८१ ला तो पुन्हा आला तेव्हा लोक तयारीत होते. दगड-बाटल्या चालल्या, रस्त्यावरचे दिवे फुटले. शेवटी गव्हर्नर फ्रीलिंगने स्वतः लोकांशी बोलून पोलिसांना बराकीत ठेवलं. शुक्रवारी पहाटे तुम्ही जे बघाल ते हेच.

माहेर_सातारा:
अंगावर काटा आला. पण मग आज ढोलाऐवजी सगळीकडे स्टीलपॅन, म्हणजे ते पिंपाचं वाद्य, कसं?

बंदरावरचा:
कारण १८८४ च्या कायद्याने ढोल आणि मशालींवर बंदी आली. मग लोकांनी बांबू कापले. जाड बांबू जमिनीवर आपटायचा, बारीक बांबूवर काठी मारायची. त्याला 'तंबू बांबू' म्हणतात. १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, कचऱ्याचे पिंप आले, मग तेलाची ५५ गॅलनची पिंपं. माझ्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारबाबा पॅन बनवतात. आधी पिंपाचा तळ ठोकून परातीसारखा खोल करतात, मग एकेका सुराची जागा आखतात, आणि प्रत्येक घावानंतर कान जवळ नेऊन थांबतात. आज तेच राष्ट्रीय वाद्य आहे.

ताशावाला:
मी पुण्याच्या पथकात ताशा वाजवतो. त्रिनिदादमध्येही ताशा आहे, 'तासा' म्हणतात. १८४५ पासून मळ्यांवर करारावर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांबरोबर तो गेला. त्याच १८८४ च्या ३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडोत मोहरमच्या ताबुतांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मिरवणुकीत हिंदूही चालत होते. ढोलाला घाबरणारं सरकार ताशालाही घाबरलंच. ताई, तिथे तासाचं कातडं आगीवर शेकून ताणतात असं ऐकलंय. दिसलं तर लिहा.

माहेर_सातारा:
जाऊन आले. रॉकेलचा वास अजून केसांत आहे. पहिली मशाल वळणावर दिसली तेव्हा आजींनी माझं मनगट घट्ट धरलं, ते उजाडेपर्यंत सोडलं नाही. तासाचे मास्तर पुढच्या आळीतच राहतात. रविवारी जाते, कातडं शेकताना बघून लिहिते.