मदत हवी आहे: कोलोरॅडोत (अमेरिका) उंचावर म्यूल डिअर (मोठ्या कानांची तिथली हरणं) हेरायचे कसे?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं पॉइंट (शिकार परवान्याच्या सोडतीत पुढच्या वेळी नंबर लागायची शक्यता वाढवणारे) साठवल्यावर यंदा सोडतीत सान हुआन डोंगरांतलं, सप्टेंबरमधल्या धनुष्यबाणाच्या हंगामाचं म्यूल डिअरचं लायसन्स मिळालं. घरी सगळ्यांपेक्षा मलाच जास्त आनंद झालाय!

सह्याद्रीत खूप भटकलोय, पण कळसूबाई १,६४६ मीटर आणि इथे झाडांची रेषाच साधारण ३,५०० मीटरवर संपते. उन्हाळ्यात मोठे नर त्या रेषेच्या वरच, गवताळ खोलगटांत चरतात. शिंगांवर मखमल (वाढत्या शिंगांवरची केसाळ त्वचा) असेपर्यंत ते उघड्यावर दिसतात, सप्टेंबरच्या सुरुवातीला ती गळली की झाडीत शिरतात. म्हणजे ऑगस्टमध्ये हेरलेला नर हंगामात त्याच जागी सापडेलच असं नाही, आणि माझी खरी अडचण इथेच आहे.

मागच्या शनिवारी अंधारातच चढून समोरच्या धारेवरून दुर्बिणीने पाहत बसलो. उजाडताना तीन नर दिसले, ऊन चढताच घसरड्या दगडांखालच्या सावलीत गेले. मी जवळून बघायला वरून उतरलो, तोवर वारा फिरून डोंगर चढू लागला होता, म्हणजे माझा वास त्यांच्याकडे जात नव्हता, तरीही ते बिचकून पळाले. फार वाईट वाटलं.

ज्यांनी अशा उभ्या चढांवर शिकार केली आहे त्यांनी सांगा: हंगामाआधी किती वेळा जावं? मखमल गळल्यावर त्याच खोऱ्यातली झाडी शोधू, की उत्तरेकडचे उतार? आणि दुपारच्या विजांच्या वादळांमुळे तुम्ही धारेवरून किती वाजता खाली येता? मी एकटाच असतो.