घाटात पेट्रोलवर गाडी धक्के खाते, सीएनजीवर नाही : इंधनाचा दाब नेमका कसा तपासावा?

अजिंक्यतारा

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक असून तिला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेले आहे. साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरचा घाट लागला आणि तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पेट्रोलवर गाडी धक्के खाऊ लागते आणि पिकअप एकदम पडतो. सपाट रस्त्यावर मात्र काहीही जाणवत नाही, आणि तोच घाट सीएनजीवर ती विनातक्रार चढते. शिवाय रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो.

स्कॅनरवर पी-०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचा कोड आला आहे. प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली आहे. गॅरेजमध्ये गेज लावून आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, पेट्रोलचा दाब मोजला तेव्हा तो २.९ बार भरला. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सुमारे ३ बार दिला आहे. तरीही टाकीतला पेट्रोलचा पंप बदलावाच लागेल, असे मेकॅनिक म्हणतात. दाब बरोबर असताना पंप निकामी असू शकतो का, आणि एवढा खर्च करण्यापूर्वी खात्री कशी करून घ्यावी?

गेजवाला

आपण दिलेल्या माहितीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सीएनजीवर गाडी ठीक चालते ही. प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन, हवेचा मार्ग आणि सायलेन्सर हे सारे दोन्ही इंधनांना सामाईक असते. त्यामुळे त्यांच्यावरचा संशय बराच कमी होतो आणि पेट्रोलची टाकी, पंप, फिल्टर, रेग्युलेटर, नळ्या व इंजेक्टर एवढेच पाहायचे उरते.

आयडलिंगच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. आयडलिंगला इंजिन पंपाच्या पुरवठ्याचा अगदी थोडा भाग वापरते आणि उरलेले पेट्रोल रेग्युलेटर परत टाकीत सोडतो. म्हणून अर्धमेला पंपसुद्धा त्या अवस्थेत ३ बार सहज धरून ठेवतो. खरी परीक्षा ज्या भाराला तक्रार येते त्याच भाराला घ्यावी लागते. गेजला लांब नळी जोडून ते काचेच्या बाहेरच्या बाजूला घट्ट बांधावे, शेजारी आकडे वाचणारा दुसरा माणूस बसवावा, आणि घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरवर दाब किती पडतो ते पाहावे. पेट्रोलची नळी कोणत्याही परिस्थितीत गाडीच्या आत घेऊ नये. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, दाब मोजण्याचे तोंडच नसते, तेव्हा पेट्रोलच्या नळीच्या जोडणीला बसणारा टी-ॲडॅप्टर (तीन तोंडांचा जोड) वापरावा लागतो. तो लावण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. काम उघड्यावर करावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

दाब पडला तर त्याचा परिणाम मोजता येतो. इंजेक्टरमधून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. समजा भाराखाली दाब ३ बारवरून २.१ बारवर आला, तर इंधन सुमारे १६ टक्के कमी जाते आणि ते भरून काढायला गाडीच्या संगणकाला इंजेक्टर जवळजवळ १९ टक्के जास्त वेळ उघडे ठेवावे लागतात. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात करत असलेली टक्केवारीतली वाढ-घट, आयडलिंगला आणि चढावर वेगवेगळी नोंदवा. आयडलिंगला ट्रिम शून्याजवळ राहून भाराबरोबर वाढत गेला, तर पुरवठा अपुरा आहे असे समजायला हरकत नाही.

हे सारे साध्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांपुरते आहे. डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्ये दाब शेकडो बारपर्यंत आणि कॉमन रेल डिझेलमध्ये हजार बारच्याही वर जातो. तिथे नळी सैल करून पाहणे जिवावर बेतू शकते, त्या गाड्यांचा दाब फक्त स्कॅनरवरच वाचावा.

तारजोड

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु दाब पडला म्हणजे पंपच गेला, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पंप ही शेवटी एक विजेची मोटर आहे आणि तिला व्होल्टेज कमी मिळाले तर नवा पंपही तेवढाच दुबळा चालेल. मागचे सीट उचलून पंपाच्या कनेक्टरवर, इंजिन चालू असताना आणि कनेक्टर जोडलेला ठेवून व्होल्टेज मोजा. कनेक्टर काढून मोजलेला आकडा फसवा असतो, कारण विद्युतप्रवाहच नसेल तर गंजलेल्या जोडणीवरही बॅटरीइतकेच व्होल्टेज दिसते.

त्यानंतर मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी पंपाच्या अर्थिंगच्या तारेला लावा; तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंग खराब आहे. हाच प्रयोग धन बाजूला केल्यास रिलेचे (पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचचे) जळलेले पॉइंट किंवा फ्यूजचे सैल पाय पकडले जातात. सीएनजी किट बसवताना मूळ वायरिंग कापून जोड दिलेले असतात आणि त्यांतले काही नुसती टेप गुंडाळून सोडलेले असतात, म्हणून आपल्या गाडीत मी पहिल्यांदा तिथेच पाहीन.

आणखी एक विचारतो. आपण टाकीत पेट्रोल किती ठेवता? पेट्रोल बेताचेच ठेवायचे आणि गाडी सीएनजीवर पळवायची, ही सवय सर्वत्र आहे. पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळेच, आणि काही किटांमध्ये सीएनजीवर असतानाही तो चालूच राहतो.

कोकणवाट

एक वेगळी शक्यता मांडतो. आता पेट्रोल पंपांवर विकत मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, आणि या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे काहीही बिघडलेले नसताना जुन्या गाडीचा ट्रिम वर सरकतो. पी-०१७१ त्यामुळेच आला नसेल कशावरून? जुन्या टाकीतला गाळ इथेनॉलमुळे सुटून पंपाच्या जाळीत अडकतो, हेही आहेच.

गेजवाला

शंका रास्त आहे, पण ती ट्रिमवरूनच निकालात काढता येते. इथेनॉलमुळे ट्रिम सरकला तर तो आयडलिंगला आणि चढावर सारखाच सरकेल; केवळ भाराखाली वाढणार नाही. गाळाचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. जाळी तुंबली की नेमके असेच होते, त्यामुळे पंपाचा संच बाहेर काढलाच तर टाकीचा तळ टॉर्चच्या उजेडात नीट पाहून घ्यावा.

अजिंक्यतारा

सर्वांचे आभार. टाकीत पेट्रोल खरोखरच राखीव पातळीच्या आसपास असते, हे कबूल करतो. आयडलिंगला ट्रिम ४ टक्के होता आणि घाटात १९ टक्क्यांवर गेला. गेजवर दाब २.१ बारपर्यंत उतरलेला दिसला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना पंपाच्या कनेक्टरवर ११.६ व्होल्टच मिळत होते आणि त्यांतली १.७ व्होल्टची घट एकट्या अर्थिंगच्या बाजूला होती. मागच्या सीटखालचा अर्थिंगचा बोल्ट हिरवट पडला होता. तो घासून, नवी थिंबल लावून जोडल्यावर पंपाला १३.४ व्होल्ट मिळू लागले आणि घाटात दाब २.८ बारच्या खाली गेला नाही. धक्के थांबले आहेत. सकाळचा त्रास मात्र तसाच आहे आणि इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांतच दाब १ बारच्या खाली येतो.

गेजवाला

म्हणजे गाडीत दोन स्वतंत्र दोष होते आणि दुसऱ्याचा अर्थिंगशी संबंध नाही. सकाळी लगेच सेल्फ न मारता किल्ली ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहा, ऑफ करा, आणि असे दोन-तीनदा केल्यावर सेल्फ मारा. गाडी चटकन सुरू झाली, तर रात्रीत दाब उतरून जातो हे पक्के समजा.

तो कुठून उतरतो हे शोधण्यासाठी टाकी आणि गेज यांच्यामध्ये कॉक असलेला ॲडॅप्टर लावा, किल्ली ऑन करून दाब चढू द्या आणि कॉक बंद करा. नायलॉनची नळी पक्कडीने दाबून हा प्रयोग करू नये, ती चिरते. कॉक बंद असताना दाब टिकला, तर गळती टाकीच्या बाजूला, म्हणजे पंपाच्या चेक व्हॉल्व्हमध्ये (पेट्रोल मागे फिरू न देणाऱ्या झडपेत) किंवा रेग्युलेटरमध्ये आहे; आपल्या गाडीत परतीची नळी नसेल तर हे दोन्ही भाग पंपाच्या संचातच असतात, आणि मग मेकॅनिकचा खर्च टळणार नाही. घाई मात्र नाही, कारण त्या दोषाने इंजिनाचे नुकसान होत नाही. कॉक बंद असूनही दाब पडत राहिला, तर एखादा इंजेक्टर ठिबकतो आहे. तसे असेल तर दिरंगाई करू नये, कारण ते पेट्रोल सिलिंडरमधून उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची डिपस्टिक काढून तिला पेट्रोलचा वास येतो का, हे कॉक मिळण्याआधीच पाहून घ्या.