मदत हवी आहे: हा गोळा खरंच पिउरीचा आहे का?

मंडळी, जुन्या रंगद्रव्यांच्या एका संग्रहातून लिंबाएवढा पिवळा गोळा मिळालाय. विकणाऱ्याच्या मते ही पिउरी, म्हणजे इंडियन यलो. बिहारमधल्या मुंगेरजवळच्या मिर्झापूरमध्ये आंब्याची पानं खाणाऱ्या गाईंच्या मूत्रापासून ती बनते, असं त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी 1883 मध्ये लिहिलं होतं. आता कथा एवढी सुरस असली की किंमत आपोआप वाढते, म्हणून शंका.

गोळा बाहेरून मळकट तपकिरी आहे. एका कडेचा टवका उडालाय, तिथे आत झगझगीत पिवळा. उग्र वास येतो, पण वास काय, कुणीही लावू शकतं!

365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली तो छान पिवळा चमकतो. ओळखीच्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी) केलं: शिसं, क्रोमियम, कॅडमियम, आर्सेनिक काही नाही, कॅल्शियम आहे. म्हणजे क्रोम यलो, कॅडमियम यलो आणि हरताळ (आर्सेनिकचं पिवळं रंगद्रव्य) बाद. कणभर भुकटी स्पिरिटमध्ये टाकली, रंग उतरला नाही, त्यामुळे गॅम्बोजही (झाडाच्या चिकापासूनचा पिवळा रंग) नसावा. रामन चाचणीचा (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याचा) प्रयत्न फसला. चमकच इतकी की बाकी काही दिसेना.

गोळा फोडायचा नाही. त्या टवक्याचे मोहरीएवढे दोन-तीन तुकडे मात्र देऊ शकतो. एवढ्यावर एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रेणू ओळखणारी चाचणी) केलं तर युक्झँथिक आम्लाचे क्षार (खऱ्या पिउरीतला रंग) आणि नंतरचा एखादा कृत्रिम पिवळा यांत खात्रीने फरक कळेल, की थेट एचपीएलसीच (नमुना विरघळवून त्यातले घटक वेगळे करणारी चाचणी) करावं लागेल?